परदेशी पगारातून होणारी कपात : करार कुठे झाले, कुठे अडले

नागपुरात प्रतापनगर असो की मनीषनगर, घरात परदेशी नोकरीचे पत्र आले की पहिला प्रश्न कराचा निघतो. तिकडे कर भरल्यावर इथेही भरावा लागेल का? या प्रश्नाचे उत्तर बरेच जुने आणि बऱ्यापैकी ठरलेले आहे. मोठा तोटा होतो तो दुसऱ्याच कपातीत, आणि तिच्याबद्दल जाण्यापूर्वी क्वचितच कोणी चौकशी करतो. ही कपात म्हणजे सामाजिक सुरक्षेची वर्गणी, म्हणजेच पेन्शनसारख्या लाभांसाठी दरमहा पगारातून कापली जाणारी रक्कम. तिच्याबाबतचे करार करसवलतीच्या करारांपेक्षा खूप उशिरा सुरू झाले आणि जिथे आपली सर्वाधिक मुले जातात तिथे अजून झालेलेच नाहीत.

कराचे आधी थोडक्यात. 1961 च्या प्राप्तिकर कायद्याने निवासी कोण हे दिवसांवर ठरवले. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला 182 दिवसांची मोकळीक आहे. म्हणून 28 सप्टेंबरपर्यंत विमानात बसलेला माणूस सर्वसाधारणपणे त्या वर्षापुरता अनिवासी ठरतो. रुजू होण्याची तारीख आठवडाभर मागेपुढे करून घ्या, असा सल्ला इथले सीए देतात तो यावरूनच. दुहेरी कर टाळण्याचा अमेरिकेशी करार 1989 मध्ये झाला, संयुक्त अरब अमिरातीशी 1992 मध्ये. अमेरिकेच्या करारात भारतीय विद्यार्थ्यांना तिथल्या प्रमाणित वजावटीची सवलतही मिळाली, जी बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना नाही. म्हणजे कराच्या टेबलावर आपल्या माणसांनी बारीकसारीक गोष्टीही मिळवल्या होत्या.

2020 च्या अर्थसंकल्पाने मात्र आखातातल्या कुटुंबांची झोप उडवली. जो भारतीय नागरिक कुठल्याच देशात करपात्र नाही त्याला भारताचा निवासी मानायचे, असा तो प्रस्ताव होता. दुबई, दोहाला वैयक्तिक प्राप्तिकर नाही, तेव्हा तिथल्या मजुराच्या पगारावर इथे कर लागणार अशी भीती पसरली. दुसऱ्याच दिवशी सरकारला खुलासा करावा लागला. कायदा झाला तेव्हा परदेशी उत्पन्न सोडून 15 लाखांपेक्षा जास्त कमाई असणाऱ्यांपुरती ही तरतूद उरली. हा विषय तिथे बहुतांशी मिटला.

वर्गणीचा विषय मिटत नाही, कारण त्याच्या मुळाशी आपलीच व्यवस्था आहे. 1952 चा भविष्य निर्वाह निधी (पीएफ) हा साठवलेली रक्कम एकदम हाती देणारा निधी. इतर देशांत सामाजिक सुरक्षा म्हणजे दरमहा मिळणारे निवृत्तिवेतन. करारासाठी दोन्ही बाजूंकडे एकमेकांत मिसळता येईल असे काही लागते. आपल्याकडे खाजगी नोकरदाराला स्वतःचे मासिक पेन्शन मिळण्याची सोय नोव्हेंबर 1995 मध्ये आली, तीही दहा वर्षांच्या सेवेच्या अटीवर. त्याआधी देण्याघेण्यासारखे हातात फारसे नव्हतेच.

तोवर जाणारे जात होते. इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून एमएससाठी अमेरिकेला जायची वाट जुनीच आहे. नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रातल्या कंपन्यांमुळे ऑनसाइटची, म्हणजे कंपनीनेच परदेशी कामावर पाठवण्याची, वाट नंतर रुंद झाली. एमएस करून ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, काम करणाऱ्या मुलाची पगाराची स्लिप पाहिली तर सोशल सिक्युरिटीच्या ओळीत सहसा शून्य असते, कारण विद्यार्थी व्हिसावर पहिली पाच कॅलेंडर वर्षे ही कपात होत नाही. एच-वन हा नोकरीचा व्हिसा लागला की त्याच ओळीत 6.2 टक्के उभे राहतात आणि खालच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या ओळीत 1.45 टक्के. कंपनीही तेवढेच भरते. वर्षाला एक लाख डॉलर पगार धरला तर एकट्या सोशल सिक्युरिटीत सहा वर्षांत 37,200 डॉलर त्याच्या खिशातून जातात.

सहा वर्षे धरली, कारण एच-वनची सर्वसाधारण मुदत तेवढीच. तिथले पेन्शन मिळायला मात्र 40 क्रेडिट, म्हणजे वर्गणी भरून केलेल्या कामाचे गुण, लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त चारच मिळतात. दहा वर्षांची अट आणि सहा वर्षांचा व्हिसा! ग्रीन कार्डच्या रांगेत उभे असलेल्यांना मुदतवाढ मिळते, ते दहा वर्षांचा टप्पा ओलांडतात, आणि मग परत येऊन नागपुरात राहिले तरी पेन्शनला पात्र ठरू शकतात. जो सहाव्या वर्षी परततो त्याचे पैसे तिथेच राहतात. हा अन्याय आहे, आणि तो नकळत झालेला नाही. दोन्ही देशांना तो वर्षानुवर्षे माहीत आहे.

याच पार्श्वभूमीवर ऑक्टोबर 2008 चा निर्णय आला. त्यावरचा वाद अजून चालू आहे. भारतात काम करणाऱ्या परदेशी नागरिकाला पीएफ सक्तीचा झाला. सक्ती तर आपल्या माणसांनाही आहे, पण त्यांच्यासाठी तेव्हा 6,500 रुपयांची वेतनमर्यादा होती. परदेशी माणसासाठी कुठलीही मर्यादा ठेवली नाही. म्हणजे मर्यादेत वर्गणी भरणाऱ्या भारतीयाचे महिन्याला 780 रुपये, तर दोन लाख मूळ पगाराच्या परदेशी व्यवस्थापकाचे 24,000, आणि कंपनीचे आणखी तेवढेच. 2010 मध्ये दुरुस्ती झाली आणि ही रक्कम काढायला साधारणपणे वयाच्या 58 पर्यंत थांबणे भाग पडले. सुटका एकाच मार्गाने होती : त्या माणसाच्या देशाने भारताशी सामाजिक सुरक्षा करार केलेला असावा. करार करा, नाहीतर तुमच्या माणसांचेही पैसे आमच्याकडे अडकतील, हा निरोप सगळ्यांना कळला.

विरोधकांचे म्हणणे असे की परराष्ट्र धोरणाचे ओझे नोकरदाराच्या पगारावर टाकणे चूक आहे आणि नागरिकत्व पाहून वेगळी वर्गणी लावणे हा भेदभाव आहे. एका उच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये हे मान्य करून ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. दुसऱ्या एका उच्च न्यायालयाने 2025 मध्ये तीच वैध ठरवली. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. आपल्या मुलांचे पैसे परदेशात बुडत असताना विनंतीपत्रांनी काही हलत नव्हते. 58 वर्षांची अट मात्र जाचक आहे, आणि तिचा त्रास वाटाघाटी करणाऱ्या सरकारांना न होता तीन वर्षांसाठी इथे आलेल्या साध्या अभियंत्याला होतो, हेही खरे.

निर्णयानंतर करार पटापट लागू झाले. बेल्जियमशी तो 2006 मध्येच झाला होता, अंमल 1 सप्टेंबर 2009 पासून. 2011 मध्ये फ्रान्स, डेन्मार्क, दक्षिण कोरिया, नेदरलँड्स. पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान. जर्मनीशी व्यापक करार मे 2017 पासून लागू आहे. हे सगळे त्या सक्तीमुळेच झाले असे म्हणता येणार नाही, पण ती नसती तर इतक्या वेगाने झाले असते असे मला वाटत नाही.

या करारांत दोन वेगळ्या वाटा आहेत आणि घरोघरी गोंधळ होतो तो इथेच. भारतीय कंपनीने ठरावीक मुदतीसाठी पाठवलेल्या माणसाला पीएफ कार्यालयाकडून कव्हरेज सर्टिफिकेट मिळते. ते दाखवले की तिकडची वर्गणी माफ होते आणि इथला पीएफ चालू राहतो. अर्ज कंपनीमार्फत ऑनलाइन करायचा, आणि शक्यतो निघण्यापूर्वीच. ज्याला म्युनिकच्या कंपनीने थेट नोकरीवर घेतले त्याला हे सर्टिफिकेट मिळत नाही. त्याने तिकडची वर्गणी भरायचीच, पण व्यापक करार असेल तर पात्रता मोजताना दोन्ही देशांतली सेवा जोडली जाते. जर्मनीत पेन्शनला किमान पाच वर्षे लागतात; इथली पीएफची वर्षे ती अट भरून काढायला उपयोगी पडू शकतात. म्हणून जाताना पीएफ काढून घेण्याची घाई करू नका, असे मी प्रत्येकाला सांगतो.

आखातात परदेशी कामगाराच्या पगारातून सहसा अशी वर्गणी कापली जात नाही. अमिरातीत नोकरी संपताना ग्रॅच्युइटी मिळते : पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला 21 दिवसांचा मूळ पगार, पुढे 30 दिवसांचा.

ब्रिटनशी 2025 मध्ये व्यापार कराराबरोबरच ठरले की कंपनीने पाठवलेल्या भारतीयाला तिथली वर्गणी तीन वर्षे माफ असावी. अमेरिकेचे घोडे मात्र जुन्याच जागी अडलेले आहे. तिथल्या कायद्यानुसार दुसऱ्या देशाची व्यवस्था सर्वसाधारण नोकरदाराला लागू होणारी असावी लागते आणि आपला पीएफ मुख्यतः संघटित क्षेत्रापुरता आहे. भारताकडून आता नवे आकडे पुढे केले जातात : जागतिक मोजणीनुसार सामाजिक सुरक्षेचे छत्र 2015 मध्ये 19 टक्के लोकांवर होते, 2025 मध्ये 64.3 टक्क्यांवर. नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिताही लागू झाली असून तिच्यात ॲपवरून कामे घेणाऱ्या गिग कामगारांचाही समावेश आहे. पण त्या 64.3 टक्क्यांत कुठलाही एक लाभ मिळणारा माणूस मोजला जातो, आणि अमेरिकेचा आग्रह निवृत्तिवेतनाचा आहे. हे अंतर बोलणी करणाऱ्यांनी भरून काढेपर्यंत एच-वनवरच्या मुलाच्या स्लिपवर 6.2 टक्क्यांची ओळ राहणार आहे.