भोपळ्यात पाणी साचलं तर

माझी भाची दुसरीत असताना तिच्या बाईंनी वहीत लाल शाईनं लिहून पाठवलं, ‘वर्गात लक्ष नाही. श्रुतलेखन कच्चं.’ वही उघडली तर चुका विचित्र होत्या. ‘खाट’च्या जागी ‘काट’, ‘फळ’च्या जागी ‘पळ’, ‘पाठ’च्या जागी ‘पाट’. अक्षर नेटकं, काना-मात्रा जागच्या जागी. ख, फ, ठ उच्चारताना जो हलका श्वास सुटतो, तेवढाच नेमका गळून पडलेला. आम्ही महिनाभर तिच्याकडून गिरवून घेतलं, रागावलोही. ती टीव्ही मोठा लावायची, पाठीमागून हाक मारली तर ओ द्यायची नाही, आणि चॉकलेटचं नाव काढलं की लगेच वळायची. ‘हवं तेव्हा बरं ऐकू येतं!’ हे वाक्य आमच्या घरात कितीदा बोललं गेलं, ते आठवून आज वाईट वाटतं.

तिला खरोखरच कमी ऐकू येत होतं. दोन्ही कानांच्या पडद्यांमागे काकवीसारखा दाट द्रव साचला होता. डॉक्टर याला ग्लू इअर म्हणतात. लहान मुलांना कमी ऐकू येण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. यात कान दुखत नाही, फुटत नाही, ताप येत नाही. म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. शिवाय द्रव कमी-जास्त होत राहतो, त्यामुळे एखाद्या आठवड्यात मूल छान ऐकतं आणि आपला संशय थेट त्याच्या वागण्यावर जातो.

आम्ही मिरजेचे. सतारमेकर गल्लीत टांगलेले वाळके भोपळे बघतच लहानाचे मोठे झालो. तंबोऱ्याची नुसती तार छेडली तर आवाज जेमतेम येतो. तो घोडीवरून, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावरून, तबलीत उतरतो. तबली म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची पातळ लाकडी फळी. ती थरथरते, आणि भोपळ्यात हवा मोकळी असेल तरच सूर भरून येतो. त्या भोपळ्यात पाणी भरलं तर? तार तीच, घोडी तीच, पण आवाज मुका. कानाची गोष्ट अगदी अशीच आहे असं नाही. कानाचं काम सूर घुमवण्याचं नसून पोचवण्याचं आहे. पण पडद्याला थरथरायचं तर दोन्ही बाजूंना हवा लागते, हे मात्र तंतोतंत जुळतं.

कानाचा पडदा कागदासारखा पातळ, जेमतेम एक सेंटीमीटर रुंद. त्याच्यामागे हवेची एक इवलीशी पोकळी आणि तीन हाडं. त्यातलं शेवटचं हाड आपल्या शरीरातलं सगळ्यात छोटं. ते आतल्या कानाच्या खिडकीवर टेकलेलं असतं. पडद्याचं थरथरणारं क्षेत्र त्या खिडकीच्या सुमारे १७ पट. मोठ्या पडद्यावरचा दाब एवढ्याशा खिडकीवर एकवटतो, म्हणून हवेतला आवाज आतल्या कानात मुळातच असलेल्या पाण्यात शिरू शकतो. पडद्यामागच्या पोकळीत चिकट द्रव भरला की ही सगळी रचना जखडते. ऐकणं सरासरी २५ ते ३० डेसिबलनं घटतं, म्हणजे साधारण कानात बोटं घालून वर्गात बसल्यासारखं. मोठा आवाज पोचतो, कुजबुज पोचत नाही. आणि ‘फ’मधला श्वास ही एक कुजबुजच असते.

हवा जाते कुठे? पोकळीचं अस्तर ती सतत शोषून घेत असतं. नवी हवा नाकाच्या मागच्या भागातून एका नळीवाटे येते, तिचं नाव युस्टेशियन नळी. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूचा स्नायू ही नळी क्षणभर उघडतो. घाट उतरताना कानात ‘टक्’ होतं ते हेच. मोठ्यांची नळी तिरकी आणि लांब असते. मुलांची मात्र आखूड, मऊ आणि जवळजवळ आडवी. सर्दीनं ती सहज बंद पडते. मग हवा शोषली जाते, नवी येत नाही, आत ओढ निर्माण होते आणि अस्तरातून द्रव पाझरू लागतो. टाळू दुभंगलेल्या बाळांत हा स्नायूच नीट जोडलेला नसतो, म्हणून त्यांच्या कानांची तपासणी अगदी सुरुवातीपासून व्हावी लागते.

नळीच्या तोंडाशीच आणखी एक अडचण असते, अॅडेनॉइड. टॉन्सिलसारखाच हा मांसल गोळा, पण नाकाच्या मागे, पडजिभेच्या वर. आ करून दिसत नाही. सहा-सात वर्षांपर्यंत तो वाढतो, पुढे आपोआप आकसतो. १८६८ मध्ये कोपनहेगनच्या डॉ. विल्हेल्म मायर यांनी कमी ऐकू येणाऱ्या, नाकात बोलणाऱ्या एका तरुणीच्या टाळूमागे बोट घालून पाहिलं आणि त्यांना तो मऊ गोळा लागला. तोंड उघडं ठेवून झोपणारी, घोरणारी, सारखी नाक ओढणारी मुलं आणि बहिरेपण यांचा धागा त्यांनी जोडून दाखवला. आमची भाची घोरायची. आम्हाला ते गोड वाटायचं.

डॉक्टरांनी कानाला रबरी बोंडी लावून दाबाची चाचणी केली. निरोगी कानाचा आलेख दंडोबाच्या डोंगरासारखा मधे उंचावतो. हिचा माळासारखा सपाट होता. आम्ही लगेच विचारलं, ऑपरेशन कधी? डॉक्टर म्हणाले, तीन महिने थांबू. मला तेव्हा ते टाळाटाळीसारखं वाटलं. नंतर कळलं की पुष्कळ मुलांचा हा द्रव तेवढ्या काळात आपणहून ओसरतो, म्हणून थांबणं हाही उपचाराचाच भाग. अँटिबायोटिक, सर्दीच्या गोळ्या, स्टेरॉइड यांनी द्रव हटत नाही, हे अभ्यासांतून दिसून आलं आहे. नाकपुडीनं फुगा फुगवण्याचा व्यायाम शाळकरी मुलांना थोडा उपयोगी पडतो. आणि लसणीचं तेल? ते पडद्याच्या अलीकडेच राहतं, द्रव पलीकडे असतो. कानात काही घालू नका, एवढं मात्र सगळ्या आज्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं. त्या तीन महिन्यांत बाईंनी तिला पहिल्या बाकावर बसवलं, आणि आम्ही तिच्या समोर जाऊन बोलायला शिकलो.

तीन महिन्यांनीही आलेख सपाटच. मग ऑपरेशन ठरलं. आई म्हणाली, भूल देताच आहात तर टॉन्सिलही काढून टाका, एकदाची कटकट जाईल. डॉक्टरांनी ठाम नकार दिला, आणि त्या नकारामागे इतिहास आहे. १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांमधल्या ११ वर्षांच्या १००० मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले. उरलेली ३८९ मुलं डॉक्टरांना दाखवली, तर १७४ जणांना शस्त्रक्रिया सांगितली गेली. ज्यांना ‘गरज नाही’ म्हटलं ती २१५ मुलं दुसऱ्या डॉक्टरांपुढे उभी केली, तर त्यातल्या ९९ जणांना शस्त्रक्रिया. उरलेल्यांना तिसऱ्यांदा दाखवलं, पुन्हा जवळजवळ निम्म्यांना तेच! हजारातली फक्त ६५ मुलं तिन्ही फेऱ्यांतून सुटली. मुलांचे घसे बदलले नव्हते. ‘एवढ्यांना तर लागतंच’ ही डॉक्टरांच्या मनातली समजूत तेवढी कायम होती. आज नियम कडक आहेत. वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा घसा जोरात धरला तर टॉन्सिल काढण्याचा विचार होतो. किंवा टॉन्सिल इतके मोठे असतील की झोपेत श्वास अडतो, तर. हे दुसरं कारण आता जास्त महत्त्वाचं मानलं जातं.

भाचीच्या कानाचं काम मात्र मला फार सुंदर वाटतं. पडद्याला छिद्र पाडून ऐकू येतं हे लंडनच्या अॅस्टली कूपर यांनी १८०१ मध्येच दाखवलं होतं. अडचण अशी की छिद्र थोड्याच दिवसांत भरून यायचं आणि कान पुन्हा तुंबायचा. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेव्हर्ली आर्मस्ट्राँग यांनी त्या छिद्रात प्लास्टिकची बारीक नळी बसवली. तिची आजची रूपं म्हणजे ग्रोमेट. ताडपत्रीला दोरी ओवायला कडी ठोकलेली असते ना, तशीच, फक्त दोनेक मिलिमीटरची. आपल्याला वाटतं तिच्यातून पाणी बाहेर येतं. द्रव तर डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली आधीच ओढून घेतात. ग्रोमेटचं काम हवा आत सोडण्याचं. बंद पडलेल्या नळीची ती बदली असते. त्याच भुलीत तोंडावाटे अॅडेनॉइडही काढलं, बाहेर कुठे टाका नाही. चार वर्षांपुढच्या मुलांत अॅडेनॉइड काढल्यानं द्रव पुन्हा साचण्याची शक्यता कमी होते. संध्याकाळी ती घरी होती.

पुढे जपायचं ते पाण्याला. त्या उन्हाळ्यात ती पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकणार होती. ते पुढं ढकललं, कारण सूर मारणं आणि विहिरी-नदीचं गढूळ पाणी ग्रोमेटच्या कानाला चालत नाही. कानातून पू आला तर दाखवायला जायचं, एवढी एक सूचना होती. क्वचित एखाद्या मुलाचं छिद्र नंतर बुजत नाही आणि वेगळं शिवावं लागतं, हेही डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात उभी राहून वर बघत होती. म्हणाली, ‘मामा, आपल्या पंख्याला आवाज आहे?’

आठ महिन्यांनी एक ग्रोमेट पडदा वाढता वाढता आपोआप बाहेर ढकलला गेला आणि मळाबरोबर निघाला. डॉक्टरांनी तो कापसावर काढून दिला. निळा, मोहरीपेक्षा थोडा मोठा. तिनं तो काडेपेटीत जपून ठेवलाय.