ग्रेहाउंड म्हणजे विलायती कारवानी नव्हे

दर उन्हाळ्यात, गावाकडच्या जत्रा जवळ आल्या की मेलबर्नला मला फोन येतो. कधी मावसभावाचा, कधी त्याच्या मित्राचा. "दादा, तिकडं ग्रेहाउंड ढिगानं मिळतात म्हणे. एक जोडी पाठव की. आपल्या कारवानीगत पळवू." मी सांगतो की ग्रेहाउंड ही शर्यतीची विलायती कुत्री पाठवता येत नाहीत, आणि आली तरी ती कारवानीगत पळवायची नसतात. वाक्याचा दुसरा अर्धा भाग आजवर एकानेही ऐकलेला नाही.

इथल्या मराठी मंडळींचं उलटं. मित्राबरोबर एखाद्या ग्रेहाउंडमध्ये भागी घेतात, चार फोटो टाकतात आणि खाली लिहितात, "आमच्या जतकडचा कारवानी हाच की हो!" नाही हो. हाच नाही.

कारवानी कुत्रा काय असतो हे तुम्हाला सांगायची गरज नाही. सांगली, सोलापूर, विजापूर या पट्ट्यात धनगराच्या कळपामागे, मळ्यातल्या गोठ्याशी, पाटलाच्या ओसरीवर तो तुम्ही पाहिलेला आहे. त्याला कारवानी म्हणायचं की मुधोळ, यावर पारावर होणारी भांडणं मला सोडवायची नाहीत. एक केनेल क्लब कॅराव्हॅन हाउंड म्हणून नोंदवतो, दुसरा मुधोळ हाउंड म्हणून, आणि २००५ मध्ये टपाल खात्याने तिकीट काढलं तेही मुधोळ या नावाने. तुमच्याकडे जे म्हणतात ते म्हणा.

दिसण्यातले फरकही झटपट उरकतो. ग्रेहाउंड अंगाने भरलेला, मांडीला जाड, कान मागे दुमडून मानेला चिकटवलेले. कारवानी हलका, कान खाली सोडलेले, डोळे मधाच्या रंगाचे. नावात 'ग्रे' आहे म्हणून ग्रेहाउंड करडाच असतो असं नाही, काळा, बदामी, पांढरा, पट्टेरी सगळे असतात, आणि खरोखर करडा असला तर धंद्यातली माणसं त्याला 'ब्लू' म्हणतात. झालं. एवढ्यावरून कुणाचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते पळण्यावरून.

दोन्ही कुत्री नजरेने शिकार धरणारी. दोन्ही एकाच ढंगाने पळतात, एका झेपेत दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटतात. पाठ कमानीसारखी वाकते आणि धनुष्यासारखी उलगडते. बघणाऱ्याला वाटतं, चाल एक म्हणजे कुत्रं एक. आणि शंभर-दीडशे वर्षांपूर्वी हे फारसं चुकीचंही नव्हतं. तेव्हा इंग्लंड-आयर्लंडात ग्रेहाउंड मोकळ्या रानात खऱ्या सशामागे सोडत. मास्टर मॅग्राथ नावाच्या आयरिश कुत्र्याने १८६८, १८६९ आणि १८७१ असा तीनदा वॉटर्लू कप (सशामागच्या शर्यतीचा मानाचा चषक) जिंकला तो असाच. मग १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलला ओवेन पॅट्रिक स्मिथ या माणसाने रुळावर धावणारा यांत्रिक ससा आणि गोल धावपट्टी जमवली. १९२६ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला तेच सुरू झालं. तिथून पुढे धावपट्टीवरच्या ग्रेहाउंडची निवड पिढ्यान्‌पिढ्या एकाच गोष्टीसाठी होत गेली: अर्धा मिनिट.

इथल्या सँडाउन पार्कच्या धावपट्टीवर नेहमीचं अंतर ५१५ मीटर. चांगलं कुत्रं तीस सेकंदांच्या आत ते संपवतं. वेग ताशी साठ किलोमीटरच्या वर. त्या वेळात त्याच्या स्नायूंना श्वासातून येणारा प्राणवायू पुरत नाही, पुरेल अशी अपेक्षाही नसते. स्नायूंत आधीच साठवलेलं इंधन ते एका दमात जाळून टाकतं. शर्यत संपल्यावर त्याला धरायला जा, म्हणजे कळेल. मांडीवर हात ठेवला तर कातडीखाली स्नायू अजून थरथरत असतात, जीभ हातभर बाहेर, छाती भात्यासारखी. ते थकलेलं नसतं, रिकामं झालेलं असतं. तो साठा भरायला, स्नायूंतल्या बारीक चिरा सांधायला दिवस लागतात. म्हणून चांगला ट्रेनर कुत्र्याला साधारण आठवड्यातून एकदाच शर्यतीत पळवतो.

कारवानीचं गणितच निराळं. ससा वळणं घेतो, बांध ओलांडतो, काट्याकुट्यात शिरतो, कारवानी मागे. थांबतो, हुंगतो, पुन्हा पळतो. आणि बाकीचा दिवस मेंढरांबरोबर मैलोन्‌मैल चालतो. त्याची ताकद दमात आहे. त्याला रोज लांब नेणं हे त्याच्या रक्तातलंच काम. (सशामागे सोडणं मात्र आता विसरा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते गुन्हा आहे, मग जत्रेच्या कमिटीचा अध्यक्ष काहीही म्हणो.)

आता मोटारसायकल. गावाकडे शर्यतीच्या कुत्र्याची तयारी म्हणजे पहाटे साखळी मोटारसायकलला बांधायची आणि आठ-दहा किलोमीटर डांबरी रस्त्याने न्यायचं, असं एक खूळ आहे. कारवानीच्या तळव्यांचीही त्यात वाट लागते, पण तो निभावून नेतो. माझ्या मावसभावाने पंजाबातून ग्रेहाउंड आणला. तिकडे खेड्यापाड्यांत त्यांच्या शर्यती होतात, त्यामुळे मिळतात. विकणाऱ्याने शुद्ध म्हणून दिला होता, कान बघून मला शंकाच होती. भावाने एप्रिलमध्ये त्याची अशीच तयारी लावली. तिसऱ्या दिवशी कुत्र्याने मागचे पाय ताठ केले, पाठ दगडासारखी कडक, आणि लघवी झाली ती काळ्या चहाच्या रंगाची. भावाला वाटलं ऊन बाधलं, म्हणून त्याने ताक पाजलं. ऊन बाधलंच होतं, पण लघवीतला तो रंग स्नायूंचा होता. स्नायू फुटतात, त्यातल्या लाल द्रव्याचा लोट रक्तातून मूत्रपिंडात जातो आणि तिथे तुंबतो. अशा वेळी तासाभराच्या आत डॉक्टरकडे नेऊन शिरेतून सलाइन लावावं लागतं. भावाने संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. कुत्रं वाचलं, ते नशीब.

फोनवर त्याचं म्हणणं काय? "दादा, कुत्रं ते कुत्रं. पळवलं की पळतंय." हेच वाक्य मला रोज सकाळी उठून खोडायचं आहे.

मग ग्रेहाउंडची तयारी कशी असते? बघायला गेलात तर निराश व्हाल. मी ज्या ट्रेनरकडे शनिवारी हाताखाली काम करतो तिथे कुत्री दिवसातला बहुतेक वेळ झोपतात. चार-पाच वेळा आवारात सोडायचं, थोडं चालवायचं, नखं आणि बोटांमधली कातडी तपासायची, पाठ-मांड्या चोळायच्या. जोरात पळणं आठवड्यातून एखाद-दोनदा, सरळ मऊ पट्टीवर, दोन-तीनशे मीटर. बस्स. शर्यतीच्या आठवड्यात तेही कमी. पिल्लू असताना मोठ्या लांब कुंपणात मोकळं वाढवतात, वर्ष-सव्वा वर्षाचं झालं की यांत्रिक सशाची आणि स्टार्टिंग बॉक्सची (शर्यतीला सुटायच्या पेटीची) ओळख करून देतात, आणि दीड वर्षाच्या आसपास पहिली शर्यत. घाई करणाऱ्याच्या कुत्र्याचा मागच्या उजव्या पायाचा टाचेजवळचा सांधा आधी जातो. धावपट्टीवर नेहमी डावीकडे वळायचं असतं, आणि वळणावर सगळा रेटा त्या उजव्या पायावर येतो.

खाण्याच्या बाबतीत गोंधळ तितकाच, पण इथे माझं मत थोडं सौम्य आहे. कारवानी ज्वारीच्या भाकरीवर, ताक-दुधावर, अधूनमधून अंड्यावर वाढलेला कुत्रा आहे आणि त्यावर तो ठणठणीत राहतो. ग्रेहाउंडला तेवढ्यावर ठेवलं तर पाठीवरचं मांस उतरतं. पण म्हणून त्याला भाकरी विष आहे असंही नाही. जुने इंग्रज ट्रेनर कडक भाजलेला गव्हाचा पाव मटणाच्या रश्शात कुस्करून घालतच होते. अर्ध्या मिनिटाच्या पळासाठी पिष्टमय अन्न लागतंच. माझा राग आहे तो रोज डझनभर अंडी आणि किलोकिलोने मांस कोंबणाऱ्यांवर. फ्लोरिडात ग्रेहाउंडवर झालेल्या प्रयोगांत प्रथिनं वाढवून पिष्ट घटवल्यावर कुत्री हळू पळाली. वेगवान झाली नाहीत. आमच्याकडे बत्तीस किलोच्या कुत्र्याला संध्याकाळी अर्धा-पाऊण किलो मांस (इथे बऱ्याचदा कांगारूचं) आणि दोन-तीन वाट्या कोरडं खाद्य, सकाळी थोडंसं. शर्यतीच्या दिवशी सकाळी हलकं आणि मग शर्यत होईपर्यंत काही नाही. आणि खसखस लावलेला पाव चुकूनही नाही. त्यातून मॉर्फिनचा अंश तपासणीत सापडतो आणि ट्रेनरचा परवाना अडकतो. चॉकलेट, चहा, कॉफीचंही तेच.

वजन हा तर इथला देवच. शर्यतीआधी कुत्रं काट्यावर चढतं, आणि नुकत्याच झालेल्या आधीच्या शर्यतीपेक्षा एक किलोहून जास्त फरक निघाला तर त्याला त्या दिवशी पळू देत नाहीत. म्हणजे मालकाच्या लाडाचे दोन डबे आणि एक बक्षीस हातचं गेलं. गावाकडे 'बारीक आहे म्हणजे तयार आहे' म्हणतात, त्यातली खोट इथे कळते. तयार ग्रेहाउंडच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतात, कमरेची हाडं जेमतेम कळतात, पण पाठीवर बोट फिरवलं तर मणका दोन्ही बाजूंच्या मांसाच्या मधल्या खाचेत बसलेला लागतो. मणका वर टोचत असेल आणि सगळ्या बरगड्या मोजता येत असतील तर ते कुत्रं तयार नाही, उपाशी आहे. कारवानी जन्मजात हडकुळा दिसतो, त्यामुळे त्याच्या मापाने ग्रेहाउंडला मोजणारा माणूस त्याला उपाशीच मारतो.

डॉक्टरांचाही एक घोटाळा सांगून टाकतो. ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशी इतर कुत्र्यांपेक्षा जास्त आणि थायरॉइडचा आकडा मुळातच कमी. नेहमीच्या तक्त्याशी ताडून पाहिलं तर पाणी कमी झालंय किंवा थायरॉइड बिघडलंय असा निष्कर्ष निघतो, आणि निरोगी कुत्र्याला आयुष्यभर गोळ्या सुरू होतात. अंगावर चरबी नसल्याने काही जुन्या भुलीच्या औषधांतून तो लवकर शुद्धीवर येत नाही. ऑपरेशनआधी 'हा ग्रेहाउंड आहे' हे मोठ्याने सांगा, दोनदा सांगा.

मालकीचं सांगायचं तर, कारवानी तुमचा असतो, तुमच्या दारात असतो. इथला शर्यतीचा ग्रेहाउंड तुमचा असला तरी राहतो ट्रेनरकडे. मालक आणि ट्रेनर दोघांची नोंदणी राज्याच्या मंडळाकडे, बक्षिसाचा बहुतेकदा अर्धा वाटा ट्रेनरला. नव्या माणसाने एकट्याने पिल्लू घेऊ नये असं माझं ठाम मत. पाच-सात जणांत भागी घ्या, आणि पैसे देण्याआधी ट्रेनरकडे एक अख्खी सकाळ उभे राहा, पिंजरे धुवायला मदत करा. ज्याच्या पिंजऱ्यांना वास येतो त्याला कुत्रं देऊ नका. पळून झालेली कुत्री शेवटी कुठे जातात, हे त्याला तोंडावर विचारा. चार-पाच वर्षांचं झालं की त्याची शर्यत संपते, आयुष्य मात्र आणखी तेवढंच किंवा त्याहून जास्त उरतं. जो उत्तर देताना घुटमळतो तिथून उठा. २०१५ मध्ये इथे जिवंत प्राणी आमिष म्हणून वापरल्याचं उघडकीला आलं आणि सगळा धंदा हादरला. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या सरकारने तर या शर्यती बंदच करण्याचा निर्णय जाहीर केला. मला हा खेळ आवडतो. त्यावर आक्षेप घेणारी माणसं मूर्ख आहेत असं मात्र मी म्हणू शकत नाही.

कुणाला नुसता ग्रेहाउंड घरात हवा असेल तर शर्यत सोडलेला घ्या, व्हिक्टोरियात त्यासाठी दत्तक योजनाच आहे. आणि कुणाला मळ्यावर, उन्हात, भाकरीवर, दिवसभर बरोबर चालणारा कुत्रा हवा असेल तर ग्रेहाउंडच्या नादी लागू नका. कारवानी तुमच्या शेजारच्या गावात आहे, आणि तो जास्त चांगला आहे.

मावसभावाने मोटारसायकल सोडली. मागच्या आठवड्यात त्याने फोटो पाठवला: कांद्याची पोती मोजायच्या काट्यावर ते कुत्रं बसलंय, एक कान उभा, एक पडलेला, आकडा २९.६. खाली लिहिलंय, "दादा, मणका खाचेत लागतोय का बघ." फोटोवरून कसं कळणार, हे त्याला सांगायचं राहिलंय.