वाट पाहणारं नाशिक: टाकळीचा संगम आणि काळारामाचे दरवाजे

सिंहस्थ जवळ आला की नाशिकमधल्या कीर्तनांतून, प्रवचनांतून एक विषय हमखास निघतो: देवावर भार टाकून धीर धरणं. गावाला तो शोभतोही. गुरूची सूर्याभोवतीची फेरी सुमारे ११.८६ वर्षांची, तो सिंह राशीत आला की इथे पर्वकाळ. २००३, मग २०१५, आता २०२७. रामकुंडावरचं गंगा-गोदावरी मंदिरही सिंहस्थातच उघडतं. पण ग्रहगणिताने ठरलेल्या तारखेची वाट पाहायला फारशी श्रद्धा लागत नाही, कॅलेंडर पुरतं. खरी कसोटी असते ती शेवट कधी, हे ठाऊक नसलेल्या वाट पाहण्याची. त्या बाबतीत या गावाला दोन फार वेगळे इतिहास आहेत, आणि प्रवचनांत बहुधा त्यांतला एकच ऐकू येतो.

तो म्हणजे टाकळीचा. जांब गावचा नारायण सूर्याजी ठोसर, म्हणजे पुढचे समर्थ रामदास, जन्म १६०८. बोहल्यावरून निघून गेलेला हा बारा वर्षांचा मुलगा नाशिकला आला आणि नंदिनी-गोदावरीच्या संगमावर टाकळीला राहिला. पहाटेपासून दुपारपर्यंत पाण्यात उभं राहून जप, मग माधुकरी, मग ग्रंथांचं वाचन आणि श्रवण. असं १६३२ पर्यंत. या काळात तेरा अक्षरी राममंत्राचा तेरा कोटी जप झाला, असं संप्रदाय सांगतो. बारा वर्षांनी भागलं तर रोजचे जवळजवळ तीस हजार होतात. एका जपाला दोन सेकंद धरले तरी सोळा तास. हिशेब तपासायला बसलं की आकडा डगमगतो, पण तो हिशेबासाठी सांगितलेलाच नसावा. निष्ठा किती, हे सांगायची ती जुनी रीत आहे.

मला त्याहून महत्त्वाची वाटतात ती करुणाष्टकं. मन आवरत नाही, दिवस वाया चालले, आता तरी धाव, अशी त्यांत सरळ तक्रार आहे. संयमाचे धडे देताना समर्थांचा दाखला देणारे लोक हा तडफडाट गाळून टाकतात. वाट पाहणाऱ्याने शांतच असलं पाहिजे, असं समर्थांच्या ओळींतून तरी निघत नाही. शिवाय ही वाट त्यांनी स्वतः निवडली होती. नको वाटलं असतं तर संगमावरून उठून जायला त्यांना कोणी अडवलं नसतं.

दुसरा इतिहास तिथून थोड्याच अंतरावरचा, पंचवटीतला. काळ्या पाषाणाचं काळाराम मंदिर पेशवाईच्या उत्तरार्धात सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलं. त्याच्या चौदा पायऱ्या रामाच्या चौदा वर्षांच्या वनवासाच्या मानल्या जातात. त्या पायऱ्यांपर्यंत पोचायचीच ज्यांना बंदी होती, त्यांनी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मोर्चा काढला. हजारोंचा मोर्चा मंदिराशी आला तर दरवाजे बंद. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रहींच्या तुकड्या, त्यांत स्त्रियाही, चारही दरवाज्यांशी ठाण मांडून राहिल्या. एप्रिलमध्ये रामरथ ओढण्यावरून तडजोड ठरली, ती मोडली आणि दगडफेक झाली. सत्याग्रह थांबत-चालत पाच वर्षं टिकला, तो मुख्यतः भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या चिकाटीवर.

या माणसांनाही धीर धरायलाच सांगितलं जात होतं. काळ बदलेल, लोकांची मनं हळूहळू वळतील, घाई नको. सल्ला शब्दाला शब्द तोच, पण देणारा दाराच्या आत उभा होता. अशा वेळी देवावर विश्वास ठेव म्हणणं आणि आमच्या सोयीने थांब म्हणणं यांत फरक उरत नाही. बाबासाहेबांचा हेतू मुळात मूर्तिपूजेचा नव्हता. ३ मार्च १९३४ च्या पत्रात त्यांनी गायकवाडांना ते स्पष्ट कळवलं: सत्याग्रह हा आपल्या लोकांना त्यांच्या स्थितीची जाणीव करून देऊन जागं करण्याचा मार्ग होता, आणि आता ती शक्ती शिक्षणाकडे, राजकारणाकडे वळवावी.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तो १९४७ मध्ये. तोवर ही चळवळ काळारामाच्या दारापासून फार पुढे गेली होती. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची, म्हणजे येवल्यानंतर एकवीस वर्षांची. त्या काळात निरनिराळ्या धर्मांची पारख झाली, बुद्धाच्या शिकवणीचा अभ्यास झाला, आणि पाऊल कधी टाकायचं हे ठरवणं या वेळी त्यांच्याच हातात होतं.