लिव्हर बदललं, पण पोटाचं काय?

"दारूले हात नाही लावला जी यानं, मंग लिव्हर कसं गेलं?" आर्वी-कारंज्याकडच्या गावांत हा प्रश्न आता वरचेवर कानावर येतो. पेशंट माळकरी असला तरी लोक कुजबुजतात, घरचे मान खाली घालतात. हे थांबायला हवं. दारूशिवायही यकृतात चरबी भरते, सूज येते, वण पडत जातात आणि सिरॉसिस होतो, म्हणजे यकृत वणांनी कडक होऊन निकामी होत जातं.

पोटाचा घेर वाढला, शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं, की चरबीच्या पेशी आपला साठा रक्तात सोडत राहतात आणि तो यकृतात उतरतो. नागपूरला नेऊन यकृत बदललं तरी हे कारण शरीरात तसंच राहतं. वर शरीरानं नवं यकृत नाकारू नये म्हणून दिलेल्या स्टेरॉइडनं भूक वाढते. मग नव्या यकृतातही चरबी साठू लागते.

म्हणून काही रुग्णांत जठराची स्लीव्ह शस्त्रक्रिया करतात. यात पोटावरची चरबी काढत नाहीत. जठराचा 75 ते 80 टक्के भाग कापून केळ्याएवढी नळी ठेवतात. पण खरी करामत नुसती जागा कमी होण्यात नाही. जठराच्या वरच्या घुमटात घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार होतं. कोजिमा आणि कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनी ते 1999 मध्ये शोधलं. जेवणाआधी ते रक्तात वाढतं आणि मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला भूक कळवतं. घुमटच काढला की त्याची पातळी घसरते. शिवाय अन्न लवकर आतड्यात उतरतं, तिथल्या एल पेशी जीएलपी-1 हे पोट भरल्याचं कळवणारं संप्रेरक जास्त सोडतात आणि चार घासांत पोट भरल्यासारखं वाटतं.

वजन कमी करायची दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे जठराचा बायपास. त्यात लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतो. प्रत्यारोपणानंतर पित्तनलिका अरुंद झाली तर तोंडातून दुर्बीण तिथवर नेणं अवघड होतं. म्हणून सहसा स्लीव्हच निवडतात.

ती प्रत्यारोपणाआधी, सोबत किंवा नंतर करता येते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 2013 मध्ये दोन्ही एकदम केल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. आधी करण्यात जोखीम असते, कारण सिरॉसिसमध्ये आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतला दाब वाढून जठराच्या नसा फुगलेल्या असतात आणि छेद नेमका तिथेच घ्यायचा असतो.

आपल्याकडे मात्र कित्येक महिने कावीळ 'उतरवण्यात' जातात. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं. तो पिवळेपणा आधी हाताला चोळलेल्या सालीच्या रसाचा असतो. धडधाकट माणसाचे हात धुतले तरी तेच होईल.

वजनकाट्यालाही भुलू नका. पोटात पाणी साचलेला पेशंट काट्यावर जाड ठरतो, पण त्याचे दंड नि मांड्या पार झडलेल्या असतात. त्याला आधी स्नायू टिकवायला प्रथिनं लागतात. शस्त्रक्रियेचा विचार पाणी वजा करून काढलेल्या वजनावरच करायचा.