टोपणनावाआडचे बालसाहित्यिक

मुलांसाठी लिहिणारा लेखक मोठ्यांसाठी ऐतिहासिक साहसकादंबरी लिहितो, तेव्हा मुखपृष्ठावर अनेकदा वेगळेच नाव असते. त्याच्या नेहमीच्या नावावर विसंबून आईवडील पुस्तक न चाळताच मुलांच्या हाती देतात. इथे तर आत वेढ्यातली उपासमार, लूट, अत्याचार आणि चिघळलेल्या जखमा. मात्र ही अडचण तशी अलीकडची आहे.

स्कॉटिश लेखक वॉल्टर स्कॉटने १८१४ मध्ये ‘वेव्हर्ली’ ही ऐतिहासिक कादंबरी निनावी छापली आणि थेट १८२७ मध्ये जाहीर कबुली दिली, पण त्याला प्रश्न मुलांचा नव्हता. कवी म्हणून नाव कमावलेल्या माणसाने कादंबऱ्या लिहिणे तेव्हा जरा हलके समजले जाई. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे तर उलटेच. मोठ्यांसाठी निबंध आणि प्रवासवर्णने लिहिणाऱ्या या लेखकाची ‘ट्रेझर आयलंड’ १८८१-८२ मध्ये मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः आली ती ‘कॅप्टन जॉर्ज नॉर्थ’ या नावाने. समुद्री चाच्यांची गोष्ट सांगायला कप्तानाचा हुद्दा सोयीचाच! १८८३ मध्ये पुस्तक निघाले ते मात्र त्याच्या खऱ्या नावाने, आणि मोठ्यांनीही ते आवडीने वाचले.

खरा दुहेरी संसार केला तो अमेरिकन लेखिका लुइझा मे अल्कॉटने. तिचे पहिले पुस्तक परीकथांचे. पुढे ‘लिटल विमेन’ने (१८६८) ती घराघरांत पोहोचली. पण त्याआधी घरखर्चासाठी तिने सूड, फसवणूक आणि अफूच्या कथा लिहिल्या होत्या. काही निनावी, काही ‘ए. एम. बर्नार्ड’ या नावाने. नुसती आद्याक्षरे, त्यामुळे लेखक बाई की बुवा तेही कळत नसे. गंमत म्हणजे ‘लिटल विमेन’मधली लेखिका नायिका जो मार्च अशाच सनसनाटी कथा लाजेने चुलीत घालते. अल्कॉटच्या कथा छापील अंकांत शाबूत राहिल्या. लिओना रोस्टेनबर्ग यांनी प्रकाशकाच्या पत्रांवरून बर्नार्ड म्हणजे कोण ते १९४३ मध्ये उघड केले, तेव्हा अल्कॉटला जाऊन पन्नासहून अधिक वर्षे झाली होती.

विसाव्या शतकात कप्पे पक्के झाले. अमेरिकेत मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने १९१९ मध्ये मुलांच्या पुस्तकांसाठी स्वतंत्र विभाग काढला. संपादक वेगळे, दुकानातले फडताळ वेगळे. मग लेखकाचे नावही त्या फडताळाला चिकटले.

२०१३ मध्ये ‘हॅरी पॉटर’च्या लेखिका जे. के. रोलिंग यांची रहस्यकादंबरी ‘रॉबर्ट गॅलब्रेथ’ या नावाने आली आणि काही महिन्यांतच बिंग फुटले. तरी पुढच्या भागांवरही गॅलब्रेथच छापले जाते. लपवण्यासारखे काही उरलेले नाही. पण जादूच्या शाळेच्या आशेने येणाऱ्या वाचकाला हे पुस्तक त्यातले नाही, एवढे त्या नावावरून कळते.