अनोळखी फाइल शेअरिंग लिंक

गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, मीडियाफायर असल्या साइटवर कोणीतरी फाइल चढवून ठेवतो आणि तिचा पत्ता आपल्याला व्हॉट्सॲपवर नाहीतर मेलवर येतो, पण आत काय आहे ते धड माहीत नसतं, अशी लिंक. नागपुरात एमपीएससीच्या नोट्सपासून विद्यापीठाच्या जुन्या पेपरपर्यंत आणि लग्नपत्रिकेपर्यंत सगळं असंच फिरून राहिलं, आणि त्यातलं बहुतेक साधंसुधंच असतं.

पत्ता वाचताना पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या आधीचं शेवटचं टोक पाहावं. तिथे ‘गूगल डॉट कॉम’ असलं तर साइट गूगलची, पण त्याच्यापुढे ‘डॉट अमुक डॉट टॉप’ जोडलेलं दिसलं तर मालक तो अमुक, मग सुरुवातीला गूगलचं नाव कितीही ठळक असो. कुलपाच्या चिन्हाचा फार भरवसा धरू नये, मधल्या वाटेत कोणी डोकावत नाही एवढंच ते सांगतं आणि ठगाच्या साइटलाही ते आरामात मिळतं. बिटली सारख्या छोट्या लिंकमध्ये तर खरा पत्ता दिसतच नाही.

बरं, पत्ता खरा निघाला तरी फाइल चांगलीच असेल असं काही नाही, कारण ड्राइव्हवर फुकट खातं कोणीही उघडतो. डाउनलोडच्या आधी ड्राइव्ह व्हायरस तपासतं पण १०० एमबीपर्यंतच, त्याहून मोठी फाइल असली तर तपासता आली नाही अशी सूचना येते आणि लोक ती न वाचता पुढे दाबतात.

सगळ्यात जास्त घात एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप टाकायची फाइल, करते. ‘एमएच ३१ गाडीचं चलान’ किंवा ‘आमंत्रण पत्रिका’ असं काहीतरी नाव, पण ते असतं ॲप, आणि इन्स्टॉल झालं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं म्हणजे बँकेचा ओटीपी थेट तिकडे. चलानची सरकारी साइट ‘जीओव्ही डॉट इन’वर संपते, चलान पाहायला एपीके टाकायची गरजच नसते. नुसती लिंक उघडून सहसा एवढं नुकसान होत नाही, ते इन्स्टॉल केल्यावर किंवा पासवर्ड टाकल्यावर होतं. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ नंतर, बाहेरचं ॲप टाकायला व्हॉट्सॲप, क्रोम अशा प्रत्येकाला वेगळी परवानगी द्यावी लागते, तो प्रश्न स्क्रीनवर आला की तिथेच थांबावं, पत्रिकेचा फोटो असा प्रश्न विचारत नाही. कॉम्प्युटरवर ‘पत्रिका डॉट पीडीएफ डॉट एक्सई’ असली नावं येतात, त्यातलं शेवटचं ‘एक्सई’, म्हणजे हा कागद नाही तर चालणारा प्रोग्राम आहे ही खूण, विंडोज मुळात लपवूनच ठेवतं, सेटिंगमध्ये जाऊन ते दिसेल असं करावं लागतं.

लिंक मामाच्या नंबरवरून आली म्हणून ओळखीची होत नाही, असं ठगाचं ॲप शिरलेला फोन आपोआप सगळ्या ग्रुपवर तीच फाइल ढकलतो. सरळ फोन लावून ‘मामा, हे तुम्हीच पाठवलं काय?’ असं विचारलं की काम भागतं.

ॲप टाकून बसलाच असाल तर आधी नेट बंद, मग दुसऱ्या फोनवरून बँक आणि १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. नागपूर शहर पोलिसांचं वेगळं सायबर पोलीस ठाणं आहे, पण पैसे गेले असतील तर आधी १९३० लावावा, कारण रक्कम पुढच्या खात्यातून निघायच्या आत कळलं तरच ती गोठवता येते.