बालकांतील तीव्र श्वसनसंसर्ग

नाकापासून फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत श्वसनमार्गाच्या कोणत्याही भागाला विषाणू किंवा जिवाणूंमुळे अचानक होणारा संसर्ग. वरच्या भागात राहिला तर सर्दी, पडसे, घसा धरणे, कान फुटणे. खाली उतरला तर श्वासनलिकांचा दाह किंवा न्यूमोनिया. खोकला चौदा दिवसांच्या पुढे गेला की तो ‘तीव्र’, म्हणजे अचानक आलेला आणि थोड्या दिवसांचा, धरत नाहीत, मग क्षयरोग किंवा बालदमा आहे का ते पाहावे लागते. लहान मुलाला वर्षातून पाच ते आठ वेळा सर्दी होणे हे सगळीकडेच घडते, पुण्यात काय आणि पॅरिसमध्ये काय. फरक पडतो तो त्यातली किती मुले न्यूमोनियापर्यंत जातात आणि तिथून किती परत येतात यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ साली जगभरात पाच वर्षांखालची सुमारे ७ लाख ४० हजार मुले न्यूमोनियाने दगावली; त्या वयातल्या एकूण मृत्यूंपैकी हे १४ टक्के. यातला मोठा वाटा दक्षिण आशिया आणि सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेचा आहे.

न्यूमोनियात वायुकोशांमध्ये पू आणि द्रव साचतो, त्यामुळे रक्ताला ऑक्सिजन कमी पडतो. मूल ती तूट भरून काढायला भराभर श्वास घेते. फुप्फुस ताठर झालेले, बरगड्या मात्र अजून मऊ. म्हणून श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग फुगण्याऐवजी आत ओढला जातो. रोगाचे निदान या दोन गोष्टींवर उभे आहे. १९७०-८० च्या दशकांत पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्स-रे आणि स्टेथोस्कोपशिवाय, केवळ श्वास मोजून आणि छाती पाहून उपचार ठरवता येतात हे दाखवले आणि तीच पद्धत पुढे जगभर गेली. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त असेल तर तो जलद धरतात.

सातारा-सांगलीकडच्या बायका यासाठी जे शब्द वापरतात ते नीट ऐकण्यासारखे आहेत. ‘छाती भरली’, ‘कफ वाजतोय’, ‘घरघर लागली’ हे आवाजाचे शब्द. आवाज पुष्कळदा नुसत्या चोंदलेल्या नाकाचा असतो, आणि घरचे मात्र त्यालाच घाबरतात. ‘पोट उडतंय’ हा शब्द वेगळा. तो कानाने नव्हे, डोळ्याने ठरवलेला आहे, आणि नेमके तेच सांगतो जे आरोग्यसेविकेच्या तक्त्यात लिहिलेले असते. राज्याच्या इतर भागांत ‘डबा’, ‘लहाक’ असे शब्द आहेत. आई ‘कफ झालाय’ म्हणाली तर आणखी विचारावे. ‘पोट उडतंय’ म्हणाली तर आधी झबले वर करावे.

मोजणी सोपी वाटते, पण सोपी नसते. मूल रडत असताना, किंवा नुकतेच रडून थांबलेले असताना मोजलेला आकडा खोटा निघतो. आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, बाळाला आईच्या मांडीवरच राहू देते, अंगावर पीत असेल तर पिणे होऊ देते, झोपलेले असेल तर उठवत नाही. झबले छातीच्या वर सरकवायचे, पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास, आणि घड्याळाचे पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणणे हा शॉर्टकट इथे चालत नाही, कारण लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो; मध्येच थबकतो, मध्येच धावतो. आकडा काठावर आला तर पुन्हा मोजतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने अक्षरओळख नसलेल्या सुइणींसाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले श्वासमोजणीचे साधन तयार केले होते. सुइणी, गावातले आरोग्यदूत यांनी न्यूमोनिया ओळखून गावातच प्रतिजैविक दिले, तर या रोगाचे बालमृत्यू जवळपास निम्म्यावर येतात हा त्यांचा निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

रोग का बळावतो याची कारणे पुस्तकात एका ओळीत मावतात: कमी वजनाचे जन्म, कुपोषण, सहा महिन्यांआधी आईचे दूध तोडणे, अर्धवट लसीकरण, दाटीवाटी, धूर. सातारा-सांगली जिल्ह्यांत ती एकाच ठिकाणी पाहायची असतील तर ऊसतोडीच्या फडावर जावे. दिवाळीच्या आसपास बीडकडून टोळ्या येतात आणि कराड, वाळवा, पलूसच्या पट्ट्यात मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात. कोपी म्हणजे बांबू, ताट्या आणि पाचट. आत उभे राहता येत नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे तोडणीची एक जोडी; ती पहाटे तोडीला जातात. तान्हे मूल एक तर बांधावर झोळीत, नाही तर कोपीत आठ वर्षांच्या बहिणीजवळ. तीन दगडांची चूल दाराशी, आणि थंडीत ती आत सरकते. डिसेंबर-जानेवारीत नदीकाठच्या रानात पहाटे गारठा असतो, त्यामुळे दार झाकलेले आणि धूर आत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते घरातल्या धुराने बालकांच्या न्यूमोनियाचा धोका जवळपास दुप्पट होतो. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने घरोघर गॅस गेला खरा, पण शेगडी गावच्या घरी आणि कुटुंब फडावर असेल तर तिचा उपयोग काय?

धूर फक्त गरिबीचाच असतो असेही नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून ओवा, शेपा, लसणाच्या सालींची धुरी देणे चांगल्या खात्यापित्या घरांतही चालते. खोलीची दारे लावलेली असतात, आणि आईच्या कुशीत पंधरा दिवसांचे बाळ तोच धूर ओढत असते. पश्चिमेला पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे पावसाचे चार महिने जळण ओले, आणि दुपटी चुलीवर दोरी बांधून वाळवतात.

साध्या सर्दीला औषध लागत नाही. बाळ उबदार ठेवणे, थोडे थोडे वारंवार पाजणे, मिठाच्या पाण्याच्या थेंबांनी नाक मोकळे करणे पुरते. तव्यावर गरम केलेल्या ओव्याच्या पुरचुंडीने हलका शेक देण्यातही वावगे नाही. नाकात तेल मात्र सोडू नये, ते फुप्फुसात उतरून वेगळाच न्यूमोनिया होतो. आणि वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये. खोकल्याची गोड औषधे या वयात फारशी उपयोगाची नाहीत. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन असलेल्या अशा औषधाने मुले दगावली.

श्वास जलद असेल तर अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक, वजनानुसार, सलग पाच दिवस. दुसऱ्या दिवशी मूल खेळू लागले की बाटली फळीवर ठेवून दिली जाते, हा नेहमीचा अनुभव. दोन महिन्यांखालच्या बाळात नुसता जलद श्वासही गंभीर धरून रुग्णालयात नेतात. त्याला तापच येईल असे नाही, उलट अंग गार पडते. पिणे बंद होणे, सगळे ओकणे, झटके, गुंगी, शांत असतानाही श्वासाचा कर्कश आवाज, ओठ-जीभ निळसर होणे, यांपैकी एकही असले तरी ऑक्सिजनची सोय गाठावी लागते. मिरज आणि कराड ही दवाखान्यांची जुनी गावे. मिरजेत वानलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ पासून आहे, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून. पण जत तालुक्यात उमदीकडून मिरज शंभरावर किलोमीटर पडते, आणि रात्री दोन वाजता ते अंतर आणखी वाढते.

लसींपैकी गोवराची, पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीतील हिब आणि न्यूमोकोकल (शेवटच्या दोन्ही न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूंविरुद्धच्या) या थेट उपयोगी. न्यूमोकोकल लस भारतात २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ मध्ये देशभर मोफत मिळू लागली. त्याआधी ती खासगी दवाखान्यात हजारो रुपयांना होती. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने असे तिचे तीन डोस आहेत. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या बाळाचा पहिला डोस गावी होतो, दुसऱ्याची वेळ येते तेव्हा ते फडावर असते, आणि माता-बाल संरक्षण कार्ड घरच्या पेटीत कुलपात. कार्ड नसले तरी जवळच्या उपकेंद्रात डोस देता येतो. त्यासाठी मुकादमाकडून टोळीतल्या लेकरांची यादी मिळवून आरोग्यसेविकेला कोपीवर जावे लागते, तेही संध्याकाळी, गाड्या कारखान्याला गेल्यावर.